जादा पाटा

आखाडा बाळापुरात नवी जीप आली की ती आधी देवाला जायची आणि देवाकडून सरळ इब्राहीम मिस्त्रीकडं. बॉनेटवरचं कुंकू वाळायच्या आत गाडी त्याच्या भट्टीसमोर उभी. कंपनीनं ती किती विचार करून बनवली, याच्याशी बाळापूरला काही देणंघेणं नव्हतं. कागदावर नऊ माणसं लिहिलेली असत. बाळापूर ते नांदेड एकोणीस बसत आणि दोघं मागं लोंबकळत. तेवढ्या ओझ्यानं गाडीचं बूड रस्त्याला टेकायचं. म्हणून मग जादा पाटा.

जीपच्या मागच्या आसावर लोखंडाचे लांब पाटे एकावर एक रचून बोल्टानं घट्ट आवळलेले असतात. ती कमान. गाडीचं सगळं ओझं तिच्यावर. त्यातून ह्या गाड्या मागच्या चाकांच्या जोरावर पळतात, त्यामुळं इंजिनाचा पीळ खाणारा आस जागच्या जागी धरून ठेवायचं कामही तिचंच. इब्राहीम भंगारातून ट्रकचे जुने पाटे आणायचा, भट्टीत लाल करायचा, घणानं बाक द्यायचा, तेलात बुडवायचा आणि एक-दोन पाटे वाढवून कमान पुन्हा बांधायचा. त्यानं बांधलेली कमान दबत नसे. कळमनुरीपासून वारंगा फाट्यापर्यंत त्याचं नाव होतं, आणि नाव होतं याचा त्याला चांगलाच तोरा होता.

आता गाडी दबली नाही, तर आत बसलेल्या माणसाच्या मणक्याचं काय होतं, हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? ज्याचा मणका तो मागं कोंबलेला, आणि मिस्त्रीशी बोलणारा ड्रायव्हर पुढं गादीवर.

इब्राहीमची बायको रहमतबी. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती. सगळे सुटलो म्हणाले आणि घरात बिर्याणी झाली. यंदा सोयाबीन निघायच्या सुमाराला तिची कंबर धरली. आधी तेल लावलं, मग पट्टा बांधला, मग नांदेडला फोटो काढला, तेव्हा कळलं की दुखणं हाडात उतरलंय. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दहा शेक सांगितले. यंत्राखाली पाच मिनिटं झोपायचं, झालं. रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. "आजार जाणार नाही, पण वेदना जातील. ताठ बसून जेवू शकतील," असं त्या म्हणाल्या. रहमतबी दीड महिना पडल्या-पडल्या जेवत होती, आडव्या माणसानं भाकरी गिळायची म्हणजे काय असतं ते तिलाच ठाऊक. ताठ बसून जेवायचं, एवढंच आता तिला हवं होतं.

दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. नांदेडला रहमतबीचा मावसभाऊ होता, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की सरळ माणसानंही अंग चोरून चढावं. तेव्हा रोज जायचं आणि रोज यायचं. जायला एक तास, यायला एक तास.

पहिल्या दिवशी, सोमवारी, गावातल्या एकाची खासगी अँब्युलन्स केली. लेक अल्मास जवळा बाजारहून आईच्या सेवेला आली होती, ती सोबत बसली. रहमतबीनं जाताना ओढणीचा बोळा तोंडात धरला तो घरी आल्यावर काढला. ओढणीला भोकं पडली होती. तिला खाटेवर ठेवून झाल्यावर इब्राहीम संतापानं बाहेर आला, अँब्युलन्सवाल्याला चार शब्द ऐकवावेत म्हणून. बोलायच्या आधी सवयीनं वाकून त्यानं गाडीच्या खाली पाहिलं.

सात पाटे होते. खालचे दोन त्याच्या हातचे. टोकाला घणाचा ठोका मारून खूण करायची त्याची रीत होती, ती खूण त्याच्याकडं बघत होती.

"मिस्त्री, तुमीच तर बांधून देली व्हती," अँब्युलन्सवाला म्हणाला. "दोन वर्सं झाली, जरा बी दबली न्हाई."

इब्राहीम तसाच मागं फिरून घरात गेला.

मऊ गाडी शोधायची म्हटलं तर सापडेना. मोटारी होत्या, पण त्यांत माणूस आडवं होत नाही. आडवं होईल अशी जी गाडी मनात यायची तिच्या कमानीत किती जादा पाटे आहेत हे त्याला तोंडपाठ होतं. शेवटी तो तातेरावाकडं गेला. तातेराव म्हणजे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याची लांबुडकी जीप इब्राहीमनं जादा पाटे घालून तीनदा चढवलेली. मागं समोरासमोर दोन बाकडी, मधे गादी मावेल एवढी जागा.

"घे की," तातेराव म्हणाला. "वैनीसाटी काय इचारतो? मी सोता चालवतो. पर ही लई कडक हाय, इब्राहीमभाई. रिकामी पळली की माजेच दात वाजतेत."

"कडक हाय ती नरम करतो. म्याच कडक केली, म्याच नरम करतो."

त्याच संध्याकाळी त्यानं जीप जॅकवर घेतली आणि दोन्ही बाजूंचे चार-चार पाटे काढून टाकले. हातात अनुभव होता, पण घाई होती, आणि ओढणीची भोकं डोळ्यांपुढून जात नव्हती. इतके पाटे काढू नयेत हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? गिऱ्हाइकानं असं सांगितलं असतं तर त्यानं त्याला हाकलून दिलं असतं. कमान पातळ केली की मागचा आस सैल होतो, इंजिनाचा जोर लागला की मुरडतो आणि उड्या मारतो. हे सगळं माहीत असून त्यानं बोल्ट आवळले, वर चढून दोनदा दाबून पाहिलं, जीप उशीसारखी खालीवर झाली आणि त्याला बरं वाटलं.

मंगळवारी निघताना पहिल्या गिअरलाच जीपचं मागचं अंग थरथरलं. तातेरावानं आरशातून इब्राहीमकडं पाहिलं. पुढं रस्ता चांगला होता तोवर ठीक होतं. रहमतबी "आज बरं हाय" असंही म्हणाली. वारंगा फाट्याच्या अलीकडं पुलाचा सांधा आला. जीप दबली, आणखी दबली, आणि दबायला काही उरलंच नाही. आस जाऊन वरच्या लोखंडावर आदळला. तो आवाज इब्राहीमनं हजारदा ऐकला होता. त्याच्यामागोमाग निघालेली रहमतबीची किंकाळी मात्र त्यानं आजवर ऐकली नव्हती, अल्मासच्या जन्माच्या वेळीसुद्धा.

शेक झाला. परत येताना तातेरावानं बैलगाडीच्या चालीनं जीप आणली. घरी आल्यावर रहमतबी भिंतीकडं तोंड करून पडली.

"अल्मासचे अब्बा," ती म्हणाली, "आता म्या न्हाई येत."

"अजून आठ राहिलेत, रहमत."

"ऱ्हाऊ द्या. दुखून दुखून मरते म्या, पर घरात मरते. रस्त्यात न्हाई."

ती चिडून बोलली असती तर त्यानं समजूत काढली असती. ती शांतपणे बोलली, आणि त्यामुळं त्याचा धीर सुटला. आपल्या हातानं आपण बायकोला छळलं, दोनदा, दोन वेगळ्या रीतीनं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

बुधवारी कुणी नांदेडला गेलं नाही. इब्राहीम सकाळपासून जीपखाली पडून होता. काढलेले पाटे त्यानं एकेक करून परत चढवले, का ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. दुसऱ्याची गाडी मोडून ठेवायची नाही, एवढंच. शेवटचा बोल्ट आवळत असताना शेजारची बेबीबाई आली. बेबीबाई भाजी विकायची. अंगानं भरलेली होती, म्हणजे अगदी भरलेली. तिच्या घरच्या खुर्च्या दर दिवाळीला बदलाव्या लागत असं गल्ली म्हणायची आणि तीही हसायची. ती येऊन जीपच्या मागच्या पायरीवर बूड टेकून बसली.

"काहून गेले न्हाई आज? वैनी रडून राहिली आत."

इब्राहीम उत्तर देणार होता, पण त्याचं लक्ष कमानीकडं गेलं. बेबीबाई बसली तशी ती हलकेच खाली आली होती. अकरा पाट्यांची, त्यानं स्वतः बांधलेली, न दबणारी कमान. अशी बेबीबाई एक. एकोणीस माणसं बसली की ती किती दबत असेल, आणि तेव्हा खड्ड्यात कशी सावकाश झुलत असेल. भरलेल्या जीपची तक्रार कुणी केली नव्हती. कडक होती ती रिकामी जीप. एवढी साधी गोष्ट. मिस्त्री चाळीस वर्षं कमानीच्या खाली होता, वर बसून कधी पाहिलंच नव्हतं.

तो जीपखालून सरपटत बाहेर आला. "बेबीबाई, वाळूची पोती किती मिळतील? वीस? वीस पोती टाकली तर—"

त्यानं सगळं सांगितलं. बेबीबाईनं ऐकून घेतलं आणि त्याच्याकडं असं पाहिलं की जणू त्याचं डोकं फिरलंय.

"पोती कशाला? पोतं काय तिला धरील? खड्डा आला तर पोतं म्हनील का, जरा दम खा बाई? आमी बसतो की."

"रोज नांदेड? तुमची कामं?"

"कामं कुठं पळून चालली का?"

गुरुवारी सकाळी सात वाजता जीपपाशी दहा जणी उभ्या होत्या. बेबीबाईनं त्या निवडून आणल्या होत्या आणि कोणत्या हिशेबानं निवडल्या ते उघड दिसत होतं. अंगणवाडीतली सत्यशीला तेवढी काडी होती, तिला बेबीबाईनं परत पाठवायला काढलं तर ती म्हणाली, "म्या दोन पायल्या ज्वारी मांडीवर घेते." कापूस वेचणीचे दिवस होते आणि रोज बुडवून येणाऱ्या त्यांत पाच जणी होत्या.

रहमतबीला गादीसकट मधे ठेवलं. दोन्ही बाकड्यांवर पाच-पाच जणी पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. जीप खाली आली, आणखी जरा खाली आली आणि थांबली. इब्राहीम वाकून कमान बघत होता.

"बराबर?" तातेरावानं विचारलं.

"अजून एक पायजे."

"मंग सासूला आनते," मागून कुणीतरी म्हणालं, आणि खरंच आणली.

पुलाचा सांधा आला तेव्हा अल्मासनं डोळे मिटून घेतले. जीप दबली, झुलली, पुढं गेली. कुणी ओरडलं नाही. रहमतबीनं तोंडातून ओढणी काढली. "गेला का पूल?" तिनं विचारलं, आणि अकरा जणी एकदम बोलायला लागल्या.

त्यानंतरचे दिवस, खरं सांगायचं तर, चांगले गेले. माणूस मरणाच्या वाटेवर असताना असं म्हणू नये, पण गेले. बायका लसूण सोलत, भांडणं सांगत, कुणाच्या सुनेनं काय केलं ते गाडीत मिटवत. रहमतबी खालून मधेच एखादा शब्द टाकी आणि सगळ्या खोखो हसत. दवाखान्याच्या दारावरचा रखवालदार पहिल्या दिवशी चक्रावलाच. "एका पेशंटबरोबर एकच नातेवाईक," तो म्हणाला.

"आमी नातेवाईक न्हाई," बेबीबाई म्हणाली. "आमी वजन हाव."

पुढच्या सोमवारी पाचवा शेक झाला, मंगळवारी सहावा. रहमतबी अजून बसत नव्हती, पण दुखणं कमी झालं म्हणायची. कमरेत कमी, मांडीत तर नाहीच. इब्राहीमनं अल्मासला सांगून भिंतीला टेकायला तक्क्या शिवायला टाकला.

बुधवारी, सातव्या शेकाला, तिला चाकाच्या खाटेवरून यंत्राकडं नेताना तिचा डावा पाय कडेवरून घसरून खाली लोंबला आणि दाराच्या चौकटीला घासत गेला. अंगठ्याची साल निघाली. रक्ताचा ओघळ पाहून सत्यशीला ओरडली तेव्हा रहमतबीनं मान वळवून विचारलं, "कुनाला लागलं?"

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. टाचणी घेऊन पाऊल, नडगी, मांडी, कंबर असं टोचत वर आल्या. रहमतबी छताकडं बघत होती. टाचणी बेंबीच्या वर गेली तेव्हा ती "हां" म्हणाली.

मग त्यांनी इब्राहीम आणि अल्मासला बाजूच्या खोलीत बोलावलं. पाठीत वरच्या बाजूला नवीन गाठ आलीय, ती मज्जारज्जूवर दाबतेय, असं त्या म्हणाल्या. कंबरेखालची जाणीव गेली आहे. आता पाठीवरही शेक देऊन पाहू, पण जाणीव परत येईल असं वाटत नाही, आणि बसणंही.

"पर दुखायचं कमी झालं व्हतं, बाई," इब्राहीम म्हणाला.

त्यांनी फाइल मिटली. "थोडं शेकानं असेल. बाकीचं म्हणजे त्यांना आता कळतच नाहीये, चाचा."

किती दिवस, असं अल्मासनं विचारलं. दोन महिने, फार तर तीन, असं त्यांनी सांगितलं. अल्मास तिथंच खाली बसून रडली. इब्राहीम रडला नाही. त्यानं फक्त एवढंच म्हटलं, की अम्मीला आज सांगायचं नाही. विचारलं तर इंजेक्शननं पाय बधिर झालेत म्हणायचं.

परतीच्या वाटेवर कुणी लसूण काढला नाही. अल्मासचे डोळे बघून काहीतरी वाईट आहे एवढं बायकांना कळलं होतं. नेमकं काय ते नव्हतं कळलं. अर्धापूर मागं टाकल्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. सकाळी नव्हती अशी पाइपाची चर कुणीतरी आडवी खणून ठेवली होती, खुणेला ना दगड ना फांदी. तातेरावाला ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. जीप चरीत गेली आणि उसळून बाहेर आली. बेबीबाईचं डोकं छताला आदळलं, सत्यशीलेच्या मांडीवरची ज्वारी सगळीकडं सांडली, अकराच्या अकरा जणी ओरडल्या. खाली गादीवर रहमतबीचं डोकं आणि खांदे अल्मासनं मांडीवर धरले होते, पण तिचा कंबरेखालचा भाग हातभर उचलला गेला आणि आपटला.

तातेरावानं गाडी थांबवली. इब्राहीम पुढून उडी मारून मागं धावला. बायका छातीवर हात ठेवून खाली बघत होत्या.

"काय झालं?" रहमतबीनं विचारलं. "काहून ओरडता सगळ्या?"

"खड्डा," अल्मास कशीबशी म्हणाली. "मोठा खड्डा व्हता, अम्मी."

"मला तर कळला बी न्हाई." तिच्या केसांत ज्वारीचे दाणे अडकले होते. ती इब्राहीमकडं बघून हसली. असं मोकळं ती दोन महिन्यांत हसली नव्हती. "जमली बगा तुमाला कमान. मी उगंच बोलले त्या दिशी."

न केलेल्या कामाची शाबासकी इब्राहीमनं आयुष्यात कधी घेतली नव्हती. दुसऱ्याच्या हातची कमान त्याची म्हणून कुणी वाखाणली तर तो त्याचं बोलणं तिथल्या तिथं तोडायचा. जीपचं फाळकं धरून तो उभा राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "जमली."

"मंग उद्यापासून ह्या बायांना तकलीफ देऊ नका. कापूस वाळून चाललाय त्यांचा. आपन दोघं-तिघं जाऊ."

गुरुवारी सकाळी सात वाजता बायका नेहमीसारख्या जीपपाशी आल्या. इब्राहीम त्यांना जरा लांब, भट्टीच्या पत्र्याआड घेऊन गेला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यानं सांगितलं. सांगताना तो जमिनीकडं बघत होता. "आता वजनाची गरज न्हाई," तो म्हणाला. "गाडी कडक असली काय न् नरम असली काय, तिला सारखंच. तुमी लई केलं. आता आपापल्या कामाला जा."

बायका उभ्याच राहिल्या. कुणीतरी पदर तोंडाला लावला. बेबीबाईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं, लुगडं वर खोचलं आणि ती जीपच्या पायरीवर पाय ठेवून वर चढली. जीप खाली आली. मग दुसरी चढली, मग सासू, मग सत्यशीला.

रहमतबीला गादीवर आणून ठेवलं तेव्हा ती रागावलीच. "काहून आल्या गं तुमी? सांगितलं न्हाई का ह्यांनी? कमान आता एकदम नरम झाली."

"सांगितलं की," बेबीबाई म्हणाली. "आमचं काम हाय नांदेडात."

"समद्यांचं?"

"समद्यांचं."

जीप निघाली. इब्राहीम पुढं तातेरावाच्या शेजारी बसला होता. मागून रहमतबीचा आवाज येत होता; नवऱ्यानं एका दिवसात कमान कशी बदलली, किती बारीक काम असतं ते, आणि अख्ख्या जिल्ह्यात असं दुसऱ्या कुणाला जमणार नाही, हे ती एकेकीला नाव घेऊन सांगत होती. पुलाच्या सांध्यावर तिनं स्वतःच म्हटलं, "बगा, कळलं का काही?" आणि अकराही जणी न्हाई म्हणाल्या, अजिबात न्हाई. नांदेड येईपर्यंत ती सांगत होती, त्या व्हय व्हय म्हणत होत्या, आणि इब्राहीम खिडकीकडं तोंड करून ते सगळं ऐकत होता.